पैसे माझेच, विग मात्र हौसेचा

...आणि वर म्हणे, पैसे तुमचेच! तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं ओहायोच्या कारखान्यात ट्रेलरना वेल्डिंग केलं, दर पगारातून औषधपाण्याच्या बचत खात्यात पैसे टाकले, खातेवाल्यांनी कार्ड दिलं, 'आजारपणात घासा, पैसे तुमचेच!'... मग घासलं की ते कार्ड नाही का म्हणतं हो?

गोष्ट एवढीच, कॅन्सरच्या औषधांनी माझ्या बायकोचे, लोर्नाचे, केस गेले. सगळे. आणि मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर! लोर्नाने आरशावर टॉवेल टाकला. मी म्हटलं, चल, विग घेऊ. दुकानात तिने एक चढवला आणि हसली... किती दिवसांनी! कार्ड घासलं. नकार. पुन्हा घासलं. नकार. दुकानदारीण म्हणते, "काका, आमचं दुकान नटण्याच्या यादीत, दवाखान्याच्या नाही." अहो, गेल्या उन्हाळ्यात मासे धरायला जाताना याच कार्डावर नाकाला लावायला उन्हाचं मलम घेतलं, तेव्हा मुकाट चाललं! माझं नाक म्हणजे आजार, आणि तिचं डोकं म्हणजे हौस?

खिशातून घ्यावा, तर खिसा लग्नाने रिकामा केलेला. खातेवाल्यांना फोन केला. चाळीस मिनिटं नुसता पियानो ऐकवला, मग केंडल नावाची गोड पोरगी. "पैसे तुमचेच आहेत, सर! फक्त डॉक्टरांचं पत्र लागेल." डॉक्टरांनी लिहिलं, केस गळले. आठवड्याने केंडल म्हणते, "गळले ते कळलं हो, पण त्याचं पेशंटला वाईट वाटतं, असं कुठे लिहिलंय?" आता हे डॉक्टरने लिहायचं? मला विचार ना, पोरी! तो टॉवेल रोज मी बघतो!

दुसरं पत्र पाठवलं. उत्तर यायच्या आत लग्न झालं. लोर्ना माझी शिकारीची नारिंगी टोपी, रानात दुसऱ्या शिकाऱ्यांना लांबून दिसावी म्हणून घालतो ती, घालून नाचली. "कोणी हरीण समजून गोळी तरी घालणार नाही," म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो... हसावं लागतं.

परवा, चार महिन्यांनी, विगला मंजुरी आली. तिच्या डोक्यावर आता पिल्लासारखी लव आलीय. चष्मा लावून तिने पत्र शेवटपर्यंत वाचलं.

"अरे, ही मंजुरी एकच वर्ष चालते. म्हणजे वर्षाच्या आत मला परत आजारी पडायला हवं!"

म्हटलं, "सावकाश गं... काही घाई नाही."