साडूची निविदा

सरकारी कचेरीत निविदांच्या पेटीसमोर रांग होती. माझ्यापुढे दोन सुतार उभे होते, एकमेकांचे साडू. धाकट्याच्या हातात कोरा अर्ज होता.

"शाळेच्या बाकांचंच काम ना? बोला, किती दर लिहू?"

"तुमचा तुम्ही ठरवा."

"अहो, तुमच्यापेक्षा जास्तच लिहायचा ना? एकट्याची निविदा आली तर रद्द करतात, म्हणून तर मला बोलावलंत."

"दुसरी निविदा हवी म्हणून बोलावलं. पण ती खरी हवी."

"आणि माझा दर कमी निघाला तर?"

"तर बाकं तुम्ही कराल."

"तुमचा कारखाना बंद पडेल, साडूभाऊ. मेहुणी मला घरात पाऊल टाकू देणार नाही."

"तिला मी सांगेन काय ते."

"सगळे असंच करतात हो."

"माहीत आहे ना. गेल्या खेपेला तिघांनी संगनमत करून मलाच पाडलं. तेव्हा तुमच्या ओट्यावर बसून किती शिव्या घातल्या होत्या मी त्यांना!"

"हो, पोरांना आत पाठवावं लागलं होतं."

रांग थोडी पुढे सरकली. धाकट्याने खिशातून पेन काढलं.

"जरा तिकडे तोंड करा."

"का?"

"दर लिहितोय."