कुरडया वर्सातनं एकदाच

माझा जन्म श्रीगोंद्याकडचा, रानातल्या वस्तीवरचा. चौथी झाली आन् शाळा सुटली, मग जनावरं राखली, मग साखर कारखान्यात लागलो. गव्हानीत ऊस टाकायचा, तेबी हंगामापुरता. उन्हाच्या तोंडाला कारखान्याचा पट्टा पडला, गाळप थांबलं की घरी, ते पार दसऱ्यापस्तोर. म्हनून म्या काढल्याले फोटू समदे उन्हाळ्याचे. लोक इचारत्यात, बाबा, उन्हाळ्यात काय बघन्यासारखं हाय? आरं, मला सुट्टीच तवा हुती!

क्यामेरा मला एका लग्नात फोटू काढनाऱ्यानं दिला. त्यानं नवा घेतला, जुना माझ्या गळ्यात घातला आन् बदल्यात शेळीचं करडू नेलं. सगुना, म्हंजी आमची मंडळी, लई तापली. करडानं उद्या दूध तरी दिलं असतं, ह्यो डबा काय देनार, म्हनली. आठ दिस बोलली न्हाई, निस्ती ताटं आपटायची.

काय सांगू तुमाला, किती काय काय काढलं मी! लिंबाखाली बसल्याली म्हस, वला बारदाना गुंडाळल्याला माठ, पाचटात घातल्याली आंब्याची आढी, आन् दर साली कुरडया. चीक पहाटं शिजायचा, ऊन चढायच्या आत सगुना बाजंवर तिचंच जुनं लुगडं हातरायची आन् सोऱ्या दाबत जायची. पांढऱ्या कुरडया, खाली हिरवं लुगडं. ते लुगडं आदल्या साली जत्रंला नेसल्याली आसायची, मला वळखू यायचं. पुढं त्याचीच गोधडी.

पर रोलात फोटू छत्तीस. छत्तीसच. मग मी म्हनायचो, अगं बाजूला हो, तुजी सावली पडती. ती व्हायची बाजूला. दर साली म्हनायचो, दर साली व्हायची. मोबाईल आला तरी माजी ती खोड गेली न्हाई.

गेल्या थंडीत ती गेली. छातीत दुकतंय म्हनली, च्या ठिवते म्हनली आन् चुलीम्होरं बसली ती बसलीच. दहाव्याला पोरगा म्हनला, आण्णा, आईचा फोटू द्या, हार घालायचा हाय. म्या ट्रंक पालथी केली. मोबाईल धुंडाळला. सोऱ्यावरचा तिचा हात सापडला, पदर सापडला, पायातली जोडवी सापडली. तोंड कुटंच न्हाई. गावात मला फोटूवाला बाबा म्हनत्यात, आन् बायकूचा फोटू न्हाई. शेवटी पोरानं आधार कार्डावरचा मोठा करून आनला. त्यात ती चोरी केल्यावानी बघती. त्यो मी दहाव्यापुरता ठिवला आन् कपाटात घातला. ती आशी कवाच बघत नव्हती.

ट्रंकंच्या तळाला एक फोटू घावला. त्यात मी हाय, पर मान न्हाई. छातीपास्नं खाली धोतर, वहाना, आन् म्होरं बाजंवर कुरडया, काठोकाठ, एकबी तुटल्याली न्हाई. त्यो सगुनानं काढला हुता. एकदा म्हनलं, घे, दाब बोट, माजा काढ. रोल धुवून आला तवा मी बोंबललो, अगं, माजं मुंडकं कुटं गेलं? तर म्हनती कशी, तुमचं तोंड मी रोज बघते, कुरडया वर्सातनं एकदाच. दिसभर हसत हुती.

त्योच भितीवर लावलाय. पावनं इचारत्यात, बिनमुंडक्याचा कोन ह्यो? म्या म्हनतो, माजा न्हाई, तिचा फोटू हाय. तिथं ती उभी हुती, म्होरं, क्यामेरा धरून. त्यास्नी पटत न्हाई, न्हाई पटलं तर न्हाई. पर खरं सांगू का, तिनं त्वांडानं म्हनलं, मी मनात तेच धरलं हुतं. तिचं तोंड रोजचं, कुरडया वर्साच्या. आता कुरडया हायेत.

यंदा सूनबाईनं घातल्या. म्या मोबाईल घेऊन गेलो, म्हनलं, सूनबाई, वर बघ. ती म्हनली, आण्णा, चीक घट्ट व्हतोय, हात थांबवला तर कुरडई बिघडन. म्या म्हनलं, बिघडू दे. तिनं घाम पुसला आन् बघितलं वर, हसली. एक कुरडई वाकडी झाली. वाळल्यावर ती मी मागून घेतली, तळून खाल्ली. ब्येस हुती.

तुमीबी घरी गेल्यावर काढा एक फोटू घरच्यांचा. सावली पडली तर पडू द्या. सुकात ऱ्हावा.