जरा आधी निघत जा

...नाही, पण तुम्हीच सांगा, गोल करणारीचा फोटो येतो, ठीक आहे, गोलकीपरचाही येतो, हवेत आडवी झालेली, हात लांबवलेले, दिसतं छानच ते... पण जिच्यामुळे चेंडू गोलकीपरपर्यंत पोचतच नाही, तिचा फोटो कसला काढणार? काय झालं म्हणून काढणार? काही झालं नाही! डिफेंडरचं अख्खं आयुष्य, तुम्हाला सांगतो, या तीन शब्दांत बसतं. नव्वद मिनिटं ती पळते, धडकते, लोळते, ओरडून ओरडून घसा बसवून घेते, आणि संध्याकाळी कुणी विचारलं काय झालं, तर काही झालं नाही.

मी क्लबचे शर्ट धुतो. बावीस वर्षं झाली, पोरी मला मामा म्हणतात. आता मला खेळातलं कळतं असा माझा दावा नाही, पण मळातलं कळतं. पुढे खेळणाऱ्या पोरींच्या शर्टावर काय, थोडा घाम, थोडं अत्तर, संपलं. आणि आमच्या कडीचा शर्ट... तिला सगळे कडीच म्हणायचे, दाराची असते ना, ती, एकदा लागली की आत कुणी येत नाही... तर कडीच्या शर्टाच्या उजव्या कुशीवर गवताचा हिरवा डाग, तेरा वर्षं, त्याच जागी, तीनदा भिजवला तरी हटायचा नाही. एका हिवाळ्यात तर त्या डागावर गवत उगवलं होतं, मी कात्रीने कापलंय. खोटं वाटतं? वाटू द्या. आणि ती एकदा त्या उंच फॉरवर्डच्या मागे अशी लागली, हात न लावता हं, सगळं नियमात, की ती बिचारी मॅच संपल्यावर त्यांच्या बसमध्ये चढली, खिडकीशी बसली, आणि शेजारच्या रिकाम्या सीटला म्हणाली, "आता तरी सरक ना, बाई."

तर अशी कडी. आणि तिचे वडील काय करायचे? लिफ्ट दुरुस्त करायचे. आता गंमत बघा, लिफ्ट नीट चालू असताना कुणी कधी लिफ्टवाल्याला फोन करून म्हणालंय का, की वा, आजही चौथ्या मजल्यावर सुखरूप पोचलो? नाही. अडकली की मग त्याचा उद्धार. चाळीस वर्षं माणसाने हेच काम केलं, काही होऊ न देण्याचं. लेकीचं काम जगात एकाला कळायचं तर त्यांनाच कळायला हवं होतं की नाही? पण मॅच असायच्या सुट्टीच्या दिवशी, आणि लिफ्टासुद्धा सुट्टीच्याच दिवशी अडकतात, आत्या-मावश्यांसकट. त्यामुळे त्यांनी तेरा वर्षांत पोरीची एक मॅच पुरती पाहिली नाही. पाहायचे काय, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यांत, हवामानाच्या आधी, चाळीस सेकंद. आणि चाळीस सेकंदांत दाखवतात काय? गोल. आपल्यावर गोल होतो तेव्हा डिफेंडर कुठे दिसते? मागून पळत येताना! म्हणजे त्या बापाने आपली पोर टीव्हीवर पाहिली ती फक्त उशिरा पोचताना.

बातमी संपली की मग फोन. आवाज कसा, लिफ्टच्या खड्ड्यातून बोलल्यासारखा. "अगं, ती बाई येताना आम्हाला इथून दिसत होती. जरा आधी निघत जा."

जरा आधी निघत जा! ऑफिसला निघालीय का ती? कडी एकदा घरी गेली तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून समजावलं, हा माझा चमचा, ही त्यांची फॉरवर्ड, म्हणजे मिठाची बाटली, मी हिला या कोपऱ्यात ढकलते म्हणून ती तिकडे जातच नाही, कळलं? वडिलांनी शांतपणे ऐकलं, चष्मा वर केला, बोटाने चमचा दोन इंच पुढे सरकवला आणि म्हणाले, इथून निघाली असतीस तर? एकदा तर चेंडू तिच्याच टाचेला लागून आपल्या गोलात गेला, तो प्रसंग बातम्यांनी आठवडाभर दाखवला, आणि सकाळी फोन आला, की या वेळेला मात्र वेळेवर पोचलीस हो. कडी हे सांगताना इतकी हसायची, इतकी हसायची, की आपल्यालाच थोड्या वेळाने दुसरीकडे बघावं लागायचं.

मग गुडघा गेला. सगळ्यांचा जातो, तिचा तेहतिसाव्या वर्षी. शेवटचा मोसम, शेवटची घरच्या मैदानावरची मॅच, आणि कडीला एकच गोष्ट हवी होती. सत्कार नको, हार नको, बाबांनी एक मॅच पुरती बघावी. जिच्यात काही झालं नाही अशी. वडील आता निवृत्त, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, ते म्हणाले येतो, पण एवढ्या लांबून तू कोणती हे कळणार कसं? ती म्हणाली, पाच नंबर. चेंडूकडे बघायचंच नाही बाबा, नव्वद मिनिटं फक्त पाचाकडे बघायचं.

आता आमच्या लीगची एक जुनी खोड सांगतो. बाकी जगात नंबर खेळाडूचा असतो. आमच्याकडे नंबर जागेचा. ज्या अकरा जणी सुरुवातीला उतरतात त्यांना एक ते अकरा, बाकावर बसणाऱ्यांना बारापासून पुढे. पण तेरा वर्षं पाच म्हणजे कडीच, त्यामुळे ही खोड घरच्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

गुरुवारी ती माझ्या धुण्याच्या खोलीत आली, उलट्या टोपलीवर बसली, बर्फ मागितला आणि म्हणाली, मामा, कुणाला सांगू नका. गुडघा कसला, पपई होती. मी नाही सांगितलं. पण मॅचच्या सकाळी कोच मॅडमनी येऊन त्या गुडघ्यावर फक्त अंगठा दाबला. कडी हसली. फार हसली. मॅडम सरळ यादी वाचायला लागल्या, आणि पाच नंबरला म्हणाल्या, धाकटी.

धाकटी म्हणजे एकोणीस वर्षांची, कडीएवढीच उंच, केसही कडीसारखेच वर बांधणारी, कडीचं बघूनच बांधायला शिकलेली. आता पाचाचा शर्ट मी कडीच्या हुकाला लावून ठेवलेला. तो काढून शेजारच्या हुकाला लावायचा. दोन हुकांत अंतर किती? हातभर. तुम्हाला सांगतो, या बावीस वर्षांत मी एवढा लांब कधी चाललो नाही. धाकटी शर्ट घेईना, खालीच बघत बसली, तर कडी उठली, तिनेच तो तिच्या डोक्यातून घातला आणि म्हणाली, "हात वर कर. लहान आहेस का आता?" आणि स्वतः सोळा नंबर घातला.

मॅचआधी सगळे फोन माझ्याकडे डब्यात असतात. तिने फोन मागितला, मी दिला. वडील वर पोचलेले, अगदी शेवटच्या रांगेत, लिफ्टवाल्याला उंचीचं काय? ती "बाबा, ऐका" म्हणेपर्यंत तेच सुरू झाले, की अजिबात काळजी करू नकोस, चेंडूकडे बघणारच नाही, फक्त पाच, तू हो पुढे. तिने फोन डब्यात टाकला. झाकण मी लावलं.

आणि धाकटी काय खेळली! कुठल्या बातमीत येणार नाही अशी खेळली. कडी बाकावरून ओरडतेय, डावीकडे, सोड तिला, पुढे सरक, घसा पार बसला, आणि धाकटी तिच्या आवाजावर अशी हलतेय की जणू पाय एकीचे आणि डोकं दुसरीचं. पंच्याऐंशी मिनिटं झाली, कुणाचाच गोल नाही. मॅडम कडीजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, ऊठ, शेवटची पाच मिनिटं तू खेळ, लोकांना टाळ्या वाजवू दे. तेरा वर्षं, दोनशे अकरा मॅचेस, आणि या पाच मिनिटांत अख्खं मैदान उभं राहिलं असतं. कडीने बुटाची लेससुद्धा आवळली. मग तिने वरच्या शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "पाचाला बाहेर काढू नका."

शून्य-शून्य. काय झालं? काही झालं नाही.

वडील जिन्याच्या एकेक पायरीला पाऊल चाचपत खाली आले. धाकटी चिखलाने माखलेली, पाच नंबर घालून समोर उभी! मी हाताला लागलं ते मोठं जाकीट तिच्या अंगावर टाकलं, गळ्यापर्यंत चेन लावून टाकली, आणि कडीनेही स्वतःचं लावून घेतलं. वडिलांनी लेकीचे दोन्ही खांदे धरले.

"आज कळलं मला," ते म्हणाले. "एकदाही उशीर झाला नाही तुला. एकदाही नाही."

"हो बाबा." आवाज बसलेला, त्यामुळे शंकेला जागाच नाही.

मग त्यांनी धाकटीकडे वळून विचारलं, तूही खेळतेस का गं? त्या पोरीने कडीकडे पाहिलं, चिखल गिळला आणि म्हणाली, "आज बाकावर होते, काका."

"येईल, तुझीही पाळी येईल. हिच्याकडे बघत जा." आणि त्यांनी खिशातून घडी केलेला रुमाल काढला, लेकीचं कपाळ पुसायला. पुसलं. रुमालाकडे पाहिलं. कोरडा. मी म्हटलं, आता संपलं. तर त्यांचा चेहरा असा खुलला म्हणता! "बघितलंस? घामसुद्धा नाही. म्हणून मी म्हणत होतो, आधी निघालं की धावपळ होत नाही."

कडी हसली. इतकी हसली, इतकी हसली...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाच नंबर भिजत घातला, उजव्या कुशीवर हिरवा डाग, नेमका त्याच जागी. सोळा नंबर मात्र घडी करून तसाच फळीवर ठेवला. कशाला धुवायचा? काय झालं होतं त्याला? काही झालं नाही.