देवाची ओळ

सासरे: कोणती ओळ काढलीस म्हणालीस?

सून: एकच होती तशी. 'देवा, सांभाळ.'

सासरे: पाळण्याच्या मशीनच्या कोडातली?

सून: हो. नव्या इस्पितळाचं म्हणणं पडलं, मशीन सुरू होताना पडद्यावर कामापुरतंच दिसू दे. म्हणून मंगळवारी काढली. तेवढीच, बाकी कशाला हात लावला नाही. तेव्हापासून मशीन उठत नाहीये.

सासरे: उठणारच नाही.

सून: तुम्हाला माहीत होतं?

सासरे: अगं, अख्ख्या कंपनीला माहीत आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला ऊब देणारं ते यंत्र, त्याचा पहिला बोर्ड तीन आठवडे माझ्यापुढे मढ्यासारखा पडला होता. होते नव्हते ते सगळे उपाय झाले. शेवटी हात टेकले आणि ती ओळ लिहिली. बटण दाबलं, अन् उठला की! अकरा वर्षांत एकदा दगा दिला नाही त्याने. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझ्याबद्दल दुसरं काही सांगितलंच नाही, हीच गोष्ट सांगितली.

सून: आमच्या लग्नातही झाली ती. माझ्या मामांना तर तुम्ही दोनदा सांगितलीत.

सासरे: तिसऱ्यांदा सांगणार होतो, पण ते जेवायला उठले.

सून: बाबा, चाळीस पाळणे तपासणीच्या टेबलावर आडवे आहेत. साहेब म्हणतात, ओळ परत घाल, उद्या सकाळी गाडीत चढवू, कारण-बिरण मागून बघू.

सासरे: मग घाल की. अडलंय कुठे?

सून: का चालतं ते ठाऊक नसलेलं मशीन बाळाच्या अंगाखाली ठेवायचं?

सासरे: अकरा वर्षं ठेवतोच आहोत ना.

सून: म्हणून तर आज रविवार असून बोर्ड घरी घेऊन आले. चष्मा लावा बरं. हा हिरवा दिवा बघा. पडदा जागा होईपर्यंत याला बोलायला तोंड नसतं, म्हणून प्रत्येक टप्प्यावर मी दिवा लुकलुकवते. मोजा.

सासरे: एक… दोन… तीन…

सून: पुढे?

सासरे: पुढे काही नाही.

सून: चौथी लुकलुक यायला हवी, ती येत नाही. आता सांगा, तुमची ओळ पडद्यावर कधी येते?

सासरे: पडदा उजळल्यावर. सहाव्या टप्प्याला… हं.

सून: हं ना? मशीन मरतंय तिसऱ्यानंतर आणि ओळीची पाळी सहाव्याला. म्हणजे तोवर ती कोणी वाचलेलीसुद्धा नसते. ती नुसती असते.

सासरे: नुसतं असणं काय थोडं झालं? देवही नुसता असतोच.

सून: बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार! पण पुढचं ऐकून रागावू नका. त्या ओळीच्या जागी मी दुसरी घालून पाहिली. काना, मात्रा, चिन्हं, मोकळ्या जागा सगळं मोजून, अगदी तेवढ्याच लांबीची.

सासरे: कोणती?

सून: जाऊ द्या ना.

सासरे: कोणती, सूनबाई?

सून: 'ऊठ की, गाढवा.'

सासरे: आणि?

सून: उठलं.

(सासरे चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात. बोर्डावरचा दिवा विझलेला आहे. आतल्या खोलीतून सासूबाई कपड्यांच्या घड्या हातात घेऊन येतात.)

सासू: का हो, गप्प का झालात? आत ऐकू येणं बंद झालं म्हणून आले.

सून: आई, बाबांचं मशीन देवाचं नाव घेतलं तरी उठतं आणि शिवी घातली तरी उठतं.

सासू: मग ह्यांच्यावरच गेलंय.

सासरे: थट्टा नको गं. अकरा वर्षं लोकांना सांगत सुटलो मी, नावात किती बळ आहे म्हणून.

सासू: नावात बळ आहेच. त्याला काय तुमच्या मशीनची साक्ष लागते? मी तेव्हाच म्हणाले होते, उठलं ते उत्तम, पण का उठलं ते बघा. तर मलाच म्हणालात, श्रद्धा ठेव.

सून: आई, सगळं इतकं लख्ख आठवतंय तुम्हाला?

सासू: श्रद्धेचा उपदेश मला करणारा माणूस जन्मात एकदाच भेटला, विसरेन कशी? पण मला कळेल असं सांग बाई. शिवीने का उठलं?

सून: सभागृहात कार्यक्रम असतो ना, आणि व्यवस्थापक यायच्या आत माणसं जमायला लागतात. मग दारावरचा माणूसच त्यांना बसवू लागतो. त्याला एवढंच ठाऊक, अख्खी रांग रिकामी दिसली की ती देऊन टाकायची. रांगेत एक जरी माणूस दिसला तर ती सोडायची नि पुढची द्यायची.

सासू: बरं.

सून: मशीन जागं होताना हेच चालतं. मेमरीच्या जागा वाटणारा खरा व्यवस्थापक मागाहून येतो. तोवर एक कामचलाऊ वाटप्या असतो, बाबांनी लिहिलेला. पहिल्या चार रांगांत कर्नल, म्हणजे मशीनचा मुख्य प्रोग्राम, ऐसपैस बसलाय. आणि पाचव्या रांगेत मधोमध एक कागद आहे. कर्नलला उठवून जाणारा जो छोटा प्रोग्राम असतो, तो ठेवून जातो. हीटर कुठे, पंखा कुठे, पडदा कुठे, सगळी यादी त्यात.

सासू: रुमाल टाकून जागा धरलेली?

सून: तिथेच तर घोडं पेंड खातंय. रुमाल नाही, नुसता कागद. वाटप्याला रांग रिकामी वाटते, तो देऊन मोकळा होतो, आलेले लोक कागदावर फतकल मारून बसतात. मग कर्नल हीटर कुठे ते बघायला जातो, तर हाताला चोळामोळा.

सासू: आणि देवाची ओळ?

सून: ओळीमुळे कर्नल किंचित लांब होतो. एक पाय पाचव्या रांगेत जातो, एवढाच. पण वाटप्याला वाटतं, पाचवीत कोणीतरी आहे. तो सहावी देतो आणि कागद शाबूत राहतो.

सासू: म्हणजे माझ्या देवाचा ह्यांनी रुमाल केला!

सून: फक्त कागदाची जागा राखली का गेली नाही, ते सापडत नाहीये मला.

सासरे: राखली होती.

सून: काय?

सासरे: मी राखली होती गं! जागा धरणारं वाक्य मी माझ्या हाताने लिहिलंय. उघड ती फाइल. खाली ये. अजून खाली. ही बघ.

सून: अरेच्चा, आहे की. एकशे बाराव्या ओळीवर.

सासरे: बघ! उगाच माझ्या माथी…

सून: आणि वाटप्याचं पहिलं वाटप कुठे आहे, बाबा?

सासरे: वर असेल.

सून: शहाण्णवला.

सासरे: शहाण्णव.

सून: हो.

सासरे: म्हणजे आधी वाटलं आणि मग राखलं.

सासू: बैल गेला नि झोपा केला.

सासरे: सोळा ओळी. एक वाक्य सोळा ओळी वर उचलायचं होतं फक्त. आणि मी तीन आठवडे हीटर बदलतोय, पंखा बदलतोय, तारा उपसतोय.

सून: होतं असं, बाबा. आपणच लिहिलेलं आपल्याला दिसत नाही.

सासरे: तसं नाही, पोरी. दिसलं असतं. उठल्यावर तासभर जरी बसलो असतो तरी दिसलं असतं. पण मला भीती वाटली. हात लावला आणि पुन्हा झोपलं तर? म्हणून लावलाच नाही. आणि त्या भीतीला श्रद्धा म्हणत राहिलो. ऐकायला बरं वाटायचं.

सासू: घ्या, पाणी घ्या.

सासरे: कीबोर्ड दे इकडे.

सून: हा घ्या.

सासरे: ही उचलली… इथे, वाटपाच्या वर ठेवली. आधी राखायचं, मग वाटायचं. फाइलीत तुझं ते गाढव अजून दिसतंय, तेही हाकल बघू.

सून: हाकललं. आता तुमचीही ओळ नाही, माझीही नाही. दाबा बटण.

सासरे: तू दाब.

सून: तुम्ही दाबा हो.

सासू: सरका दोघंही, मी दाबते. तुम्ही मोजा.

सासरे: एक. दोन. तीन.

सासू: अहो, श्वास घ्या.

सून: चार! पाच… सहा. पडदा आला! हीटर सापडला, पंखा सापडला. बाबा, उठलं!

सासरे: पुन्हा.

सून: अहो, उठलंय की.

सासरे: अकरा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो. पुन्हा कर. आता कर्नल थोडा लांब करून बघ, मग आखूड करून. अर्धी रांग, दीड रांग. एकेक करून सगळं बघू.

सासू: मी चहा टाकते. तुमचं काही इतक्यात आटपत नाही.

सून: …हे विसावं, बाबा. लांब झालं, आखूड झालं. वीसच्या वीस वेळा सहा लुकलुकी.

सासू: आणि दुसऱ्यांदा गार झालेला चहा.

सासरे: आता माझी खात्री पटली. साहेबांना काय लिहितेस?

सून: लिहीन, 'किरकोळ अंतर्गत सुधारणा.' कोणी विचारणार नाही.

सासरे: असं नको. लिही, 'यादीची जागा राखण्याआधी मेमरी वाटली जात होती. चूक पहिल्या दिवसापासूनची, मूळ लेखकाची.' आणि पुढे माझं नाव घाल, सबंध.

सून: बाबा, कंपनीत भिंतीवर तुमचा फोटो आहे. खाली ती गोष्ट छापलीय चौकटीत.

सासरे: फोटो असू दे, गोष्ट उतरवा. तीच वाचून उद्या एखादा म्हणेल, याला हात लावू नका, हे असंच चालतं. आणि इस्पितळांत जे जुने पाळणे आहेत, त्यांनाही ही दुरुस्ती धाड. कारणासकट धाड.

सून: बरं.

सासू: आणि घरी कोणी आलं की काय सांगणार आता? बोलायला विषय नको?

सासरे: हीच सांगेन. गाढवासकट.

सून: मामा पुढच्या महिन्यात येणार आहेत.

सासरे: बरं झालं. त्यांना पहिल्यापासून सांगावी लागेल.

सून: एक विचारू, बाबा? आता ती ओळ असली काय नि नसली काय, मशीनला फरक नाही. पडद्यावर न दाखवता नुसती कोडात ठेवता येईल. तुमची आठवण म्हणून. ठेवू परत?

सासरे: नको, पोरी. माझी चूक झाकायला अकरा वर्षं उभं केलं मी देवाला. आता बसू दे.