सुनंदाच्या व्हॅनमधला दिवा

"सुनंदाच्या गाडीत कोणीतरी बसलंय गो, म्हणून तर तो दिवा..." एवढं कानावर पडलं आणि बोलणारी बाई एसटीत चढून गेली. आता मला चैन कशी पडणार? सुनंदा माझी शेजारीण, हमरापूरच्या कारखान्यांतले गणपती आपल्या व्हॅनने रोह्याला पोचवते. मी थेट तिचं अंगण गाठलं.

"इंजिनचा दिवा विझत नाय, मावशी," ती म्हणाली. "गॅरेजवाला दुरुस्त करून देतो, सकाळी पुन्हा लागलेला. रोह्याचा दुकानदार म्हणतो, वाटेत गाडी बंद पडली तर? उद्या दिवा दिसला तर दुसरा टेंपो बघतो."

म्हणजे ऐन हंगामात काम जाणार. मी म्हटलं, "लोक म्हणतात, गाडीत कोणीतरी बसलंय. नारळ उतरवून टाक गाडीवरून."

"भूत असतं तर गॅरेजातपण दिवा लागला असता ना? हा माझ्याच अंगणात लागतो."

तिने बॉनेट उघडून आत हात घातला, तर मूठभर पेंढा निघाला. मूर्तींना धक्का बसू नये म्हणून खाली घालतात तोच, गाडीतच पडून असायचा. त्याखाली कुरतडलेली वायर आणि बाजूला लठ्ठ उंदीर.

मी झाडू उचलला.

"मारू नको, मावशी. उद्या याच्याच मालकाला रोह्याला न्यायचंय."

उंदीर शेतात गेला, पेंढा गोठ्यात, वायर नवी आली. सकाळी दिवा नव्हता. गणपती रोह्याला पोचले.

एसटी स्टॉपवर ती बाई भेटलीच. म्हटलं, "कोणीतरी बसलं होतं, ते खरं. भूत मात्र नव्हतं. आणि असतं, तरी सुनंदाने खाली उतरवलं असतं."