सिंहाशिवाय इंग्रजी

मुलांनो, ठाण्यातला एक दातांचा दवाखाना डोळ्यांपुढे आणा. साल एकोणीसशे चोपन्न. बाकावर आठवीतली शुभदा आणि तिचे आजोबा त्र्यंबकराव बसले होते. दाढ शुभदाची दुखत होती. समोर कोलशेतच्या गंगुबाई सुजलेला गाल धरून ऐकत होत्या. त्यांना हसायची सोय नव्हती.

“शुभे, ‘राजाने सिंह मारिला.’ कर भाषांतर.”

“आमच्या वर्गात भाषांतर नसतं, आजोबा. बाई जे करतात ते इंग्रजीत बोलतात. मग आम्ही तसंच करतो आणि बोलतो.”

“माकडचेष्टा नुसत्या! आणि व्याकरण?”

“ते मागाहून. पण आजोबा, ठाण्यात सिंह मारतंय कोण?”

“उलट बोलतेस? इंग्रजीत बोलून दाखव बघू काहीतरी. नाहीतर उद्यापासून पहाटे पाचला मी शिकवणार. रोज तीस वाक्यं पाठ!”

“पाचला? सिंहासकट?”

“सिंहासकट!”

तेवढ्यात आतून डॉक्टरांनी हाक मारली, “शुभदा, ये गं, दाढ काढू या.”

शुभदा ताडकन उठली. “आय अ‍ॅम स्टँडिंग अप.” दारापाशी गेली. “आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर.” मग चपला पायांत सरकवून ती आजोबांकडे वळली, खणखणीत आवाजात म्हणाली, “आय अ‍ॅम रनिंग होम,” आणि खरंच धूम पळाली.