टिटवीच्या सीटचा साचा

नाव: गल्लीत विचारल्यास फटकळ आजी. वय: एकोणसत्तर, मुलाच्या हिशेबाने बहात्तर. धंदा: घरकाम, ज्याला कोणी धंदा धरत नाही. राहणार: उताराच्या गल्लीतले शेवटचे घर, मागे पत्र्याची शेड.

समक्ष पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून जबाब देते की, वरील ठिकाणी मी यजमान, मुलगा व सून यांच्यासह राहते. यजमान टिटवी गाडीच्या कारखान्यात पत्रा ठोकण्याच्या कामाला होते. टिटवी म्हणजे बसकी, लाल, दोनच माणसांची पळणारी गाडी. तिसऱ्याला जागा नाही. कारखाना बंद पडून चाळीस वर्षे होत आली. मी त्या गाडीत कधी बसलेली नाही. कामगारांच्या बायकांना फाटकाच्या आत सोडत नसत.

मागच्या उन्हाळ्यात यजमानांनी जेवता जेवता सांगितले की टिटवी पुन्हा बनवायची. मी विचारले, कोण बनवणार? ते म्हणाले, "आम्ही." आम्ही म्हणजे यजमान, इंजिनवाले बहिरे मेस्त्री, आणि त्या कारखान्यात सीटा शिवणारी बाई, जिने ही तक्रार दिली आहे. बेत असा की एक गाडी हाताने बनवून ट्रॅक्टरच्या कारखानदाराला दाखवायची. त्याला पसंत पडली की तो शेकड्याने काढील. नकाशे कोणाकडे नव्हते, सगळे आठवणीवर चालले होते. ज्यांना चष्मा कपाळावर असताना सापडत नाही, त्यांना मडगार्डचा बाक आठवत होता. माझ्या कपाटाचे दार गेले, ते बॉनेट झाले. दोन पातेली गेली, त्यांचे पुढचे दिवे झाले. याबद्दल माझी तक्रार नाही. विषय निघाला म्हणून सांगितले.

शिवणवाली रोज सकाळी येई. ती यजमानांना "हातोडे" म्हणते. कारखान्यात त्यांना असे म्हणत हे मला आत्ता, म्हातारपणी कळले. त्या हाकेला ते लगेच ओ देतात. माझी हाक त्यांना दुसऱ्यांदा मारल्यावर ऐकू येते.

एक दिवस ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली आणि माझ्या कांद्यांच्या टोपल्याकडे बघत उभी राहिली. ते टोपले फायबरचे, खोलगट आहे. कारखाना बंद झाला त्या दिवशी यजमान ते खांद्यावर घेऊन आले होते. "फेकून देत होते, तुला कांद्यांना होईल," असे म्हणाले होते. तेव्हापासून मी त्यात कांदे ठेवते. शिवणवालीने कांदे भुईवर ओतले आणि टोपल्याला पाठ लावून म्हणाली, "वहिनी, ही माझी पाठ आहे हो!"

मी म्हणाले, "पाठ तुझी असेल बाई, कांदे माझे आहेत. भर परत."

तेव्हा तिने खुलासा केला. पहिल्या गाडीच्या वेळी ओल्या प्लॅस्टरमध्ये एका माणसाला बसवून पाठीचा ठसा घेतला. ठशावरून हा साचा झाला आणि साच्यावरून प्रत्येक गाडीची सीट. बसवले होते हिला. "जिथे जिथे टिटवी गेली, तिथे तिथे माझी पाठ गेली," असे ती सुनेसमोर म्हणाली. प्लॅस्टर कोणी थापले हे तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

संध्याकाळी मी यजमानांना विचारले, "तुम्हांला माहीत होतं?" ते म्हणाले, "काय?" मी पुन्हा विचारले. ते म्हणाले, "मग कांदे आता कशात ठेवतेस?"

साचा शेडमध्ये गेला. कारखानदार रविवारी येणार होता. शुक्रवारी सकाळी साचा जागेवर नव्हता. तिघांनी शेड, माळा, न्हाणीघर, सगळे पालथे घातले. शेवटी शिवणवाली म्हणाली, "हातोडे, जाऊ द्या. मी पुन्हा बसते. पाठ तीच आहे."

मी म्हणाले, "पाठ तीच असेल. आजूबाजूचं बरंच वाढलंय."

घरात प्लॅस्टरचे एकच पोते होते. यजमानांनी ते खोक्यात कालवले आणि हात धुवायला गेले. शिवणवाली कपडे सावरत उभी होती. मी सावरत बसले नाही. खोक्यात बसले. मी तिला ढकलले असे तक्रारीत आहे ते खोटे आहे. बहिरे मेस्त्री हजर होते, त्यांना विचारावे; ऐकू आले नसले तरी दिसते त्यांना.

यजमान ओरडले, "अगं, ऊठ, ऊठ!" मग रिकाम्या पोत्याकडे बघून म्हणाले, "नको. आता उठू नकोस. अजिबात हलू नकोस." प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत ते गुडघ्यांवर बसून माझ्या दोन्ही बाजूंनी थापत होते. मान कलू नये म्हणून एक हात मानेखाली धरला होता. हे लिहायची गरज नसल्यास लिहू नये.

शनिवारी त्या साच्यावर शिवणवालीने सीट शिवली. दातओठ खात शिवली, पण टाके चांगले घातले, ते मी नाकारणार नाही.

रविवारी कारखानदार आला. कमरेला पट्टा बांधलेला, वाकताना कण्हणारा माणूस. यजमानांच्या शेजारी बसून त्याने गावाला एक फेरी मारली. परत येऊन बॉनेटला कपाटाची कडी का आहे, असे विचारले. मग म्हणाला, "गाडीचं नंतर बघू. पण ही सीट मला द्या. कमर दुखली नाही. आधी ट्रॅक्टरला बसवतो, खपली तर टिटव्याही काढू." जाताना नवा साचा घेऊन गेला. तेव्हा शिवणवालीचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्या दिवशी तिने येथे तक्रार दिली.

जुन्या साच्याबद्दल विचारल्यावरून सांगते की, तो चोरीला गेलेला नाही. शेडमधून स्वयंपाकघरात गेला आहे. उपडा घालून त्यावर पोते टाकले आहे. सगळे शोधत होते तेव्हा मी त्यावर बसून कांदे चिरत होते. मला कोणी ऊठ म्हटले नाही. म्हटले असते तर उठले असते. पोलिसांना न्यायचा असल्यास न्यावा, काम झाल्यावर परत द्यावा. कांदे भुईवर आहेत, त्यांना कोंब येतील.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "रागाच्या भरात बसले" असे लिहिले होते, त्यातले पहिले दोन शब्द मी काढायला लावले. आता तो मी सांगितला तसाच आहे. वाचन चालू असताना बाहेर टिटवीचा हॉर्न वाजला. यजमान न्यायला आले आहेत. शिवणवालीही बाहेर बाकावर बसली आहे आणि ती फाटकाच्या जवळ आहे. तरी आणखी काही विचारायचे असल्यास घरी यावे. सही कुठे करायची ते लवकर दाखवावे.